भिंतीपलीकडचा विस्तव

बसलिंगअप्पा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आमचं घर नव्हतंच. गावाच्या कडेला, धर्मापुरीच्या जुन्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, आमच्या घरच्यांनी, म्हणजे यजमानांनी, जमिनीवर राखेच्या रेघा ओढल्या होत्या, एवढंच. सासरी माणसं फार झाली होती, म्हणून न भांडता वेगळं व्हायचं ठरलं होतं. मी त्या रेघांमध्ये उभी राहून आपलं स्वयंपाकघर केवढं होईल याचा अंदाज घेत होते. समोरून एक उंच, थोडे पोक आलेले गृहस्थ आले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर घोंगडी. रेघ ओलांडून सरळ आत यायचं सोडून ते सगळ्या जागेला वळसा घालून गेले. दाराची खूण म्हणून दोन दगड मांडले होते, तिथं थांबले, वहाणा काढल्या आणि खाकरून म्हणाले, "हायेत का घरात?"

मी हसू दाबत म्हटलं, "या की."

ते वाकून आत आले. चौकट ठेंगणी असणार हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

"चूल कुठं घालताव, माय?"

मी बोट दाखवलं. ते तिथं मांडी घालून बसले आणि डोळे मिटून घेतले. मार्गशीर्षातली सकाळ होती, ऊन नुसतं नावाला. बराच वेळ ते हलले नाहीत. मला वाटलं, झोपले की काय. मग डाव्या गालाला हात लावून म्हणाले, "वारं हिकडनं येतंय. दार असंच ऱ्हायलं तर थंडीचे चार महिने ते तुमच्या पाटावर येऊन बसंल. दार दखनंकडं फिरवा."

"जोशी तर पूर्वेचं दार सांगतात," आमच्या घरचे म्हणाले.

"देव काय, कुठनंबी येतो. वारं एकाच बाजूनं येतं."

आमच्या घरच्यांनी पायानं रेघ पुसली. अप्पा उठले, नव्या दारानं बाहेर गेले, पण वहाणा जुन्या दाराशी राहिल्या होत्या. त्या आणायला पुन्हा सगळा वळसा घालून गेले.

हा मनुष्य गवंडी नव्हता, सुतार नव्हता. गावात त्यांचं किराणा-गुळाचं दुकान होतं आणि ते त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, महादाआत्यांनी, सांभाळलं म्हणून चाललं. अप्पांचा जीव दुसऱ्यांच्या अर्धवट भिंतींत. आमच्याकडे तेव्हा कोपरे तेवढे गवंड्याकडून बांधून घ्यायचे, बाकी घर घरच्यांनीच उभं करायचं. कुठं पाया खणायला लागले की अप्पा तिथं हजर. आत्या गल्लीत उभ्या राहून ओरडायच्या, "आरं बसू, गिऱ्हाईक खोळंबलंय! लोकांची घरं बांधून तुला काय मिळतं रं?" अप्पा शांतपणे म्हणायचे, "आलो अक्का." आणि यायचे नाहीत.

त्यांच्या सांगण्यात हुकूम नसे. "मला असं दिसतंय," असं म्हणून सुरुवात करायचे आणि खरोखरच काहीतरी दिसत असल्यासारखं रिकाम्या हवेकडे बघत बोलायचे. काळ्या रानात पाया नुसता हातभर खणून कोणी भिंत उचलायला लागलं, की म्हणायचे, "काळी माती पीक देती अन् भिंत खाती. पावसाळ्यात ती फुगती, उन्हाळ्यात फाटती. मुरूम लागंपतुर खाली जावा." चिखल भुश्शात मळून कुजत ठेवायला सांगत आणि रोज येऊन चक्क त्याचा वास घेत. वास आंबूस झाला की खूश. चुलीला नदीतला गोल दगड आणला तर परत टाकायला लावत, कारण त्याच्या पोटात पाणी असतं आणि तापला की तो फुटतो. कुणाच्याही घरी गेले तरी आधी चुलीतली राख चिमटीत धरून बघायचे. राख पांढरी, मऊ निघाली की चूल सुखी, असं त्यांचं मत. माणसं सुखी आहेत का, हे ते पुढं विचारत.

सगळंच बरोबर यायचं असं नाही. आमच्या कोठीघराला त्यांनी हट्टानं एक झरोका ठेवायला लावला, धान्याला वारा लागतो म्हणून. त्या झरोक्यातून गावातली यच्चयावत मांजरं आमच्या दुधावर आली. मी तक्रार केली तर अप्पा झरोक्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "म्हंजी वाट चांगली झाली न्हवं?"

नामदेव नावाच्या शेतकऱ्याची गंमत तर गावभर झाली. त्यानं न्हाणीतल्या चुलीसाठी जुन्या देवळाजवळ पडलेला एक कोरीव दगड गाडीत घालून आणला होता. दगडावर नाचणाऱ्या बाईचा नुसता पाय होता, घुंगरांसकट. लोक म्हणाले, देवाचा कोप होईल. नामदेव म्हणाला, देवळात तरी त्याचा काय उपयोग होता? अप्पांना बोलावलं. ते त्या पायासमोर उकिडवे बसले, बोटानं घुंगरं चाचपली.

"हिला धुरात कावून बसवतोस बे? उन्हात नाचायची सवय हाय तिला."

कोपाला न भ्यालेला नामदेव या बोलण्यानं का विरघळला, देव जाणे. त्यानं गाडी जुंपली. अप्पा दगडावर हात ठेवून गाडीबरोबर देवळापर्यंत चालत गेले आणि संध्याकाळ होईतो परतले नाहीत. दुकानात आत्यांनी त्या दिवशी मीठ तोलता तोलता त्यांचा उद्धार केला.

आमचं माळवद चढलं तेव्हाची गोष्ट. लाकडावर माती पसरून केलेलं सपाट छप्पर, आमच्या भागात सगळ्यांचं असतं तसं. त्याला धूर जायला एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणायचं. अप्पांना घरात काय आवडत असेल तर सवणं. ते चुलीच्या नेमकं वर नको, हातभर बाजूला हवं, म्हणजे पावसाचा थेंब चुलीत पडत नाही. नवीन सवण्यातून उन्हाचा पहिला कवडसा खाली आला, तेव्हा अप्पा त्यात हात धरून उभे राहिले. चुलीत मी नुकताच विस्तव घातला होता. निळसर धूर त्यांच्या बोटांमधून वळणं घेत वर जात होता आणि ते बघत राहिले. त्यांच्याबरोबर मीही.

"माय, एक ध्यानात ठिवा," ते हळूच म्हणाले. "थंडीत निजायच्या खोलीत इस्तव ठेवायची पाळी आली, तर शेजारी दिवा ठेवा. अन् सवणं कवाच बुजवू नका. दिवा बसका व्हायला लागला की दार उघडा, इस्तव भाईर काढा. दिव्याला पुरंना झालं, ते माणसाला काय पुरंल?"

तेवढ्यात महादाआत्या नवं घर बघायला दारात आल्या. अप्पांनी हात कवडशातून काढून घेतला आणि गुळाच्या ढेपांबद्दल बोलायला लागले. हे मी आधीही पाहिलं होतं. गावात कुणाच्याही ओट्यावर ते सवण्यावर तास तास बोलत, पण आत्या जवळ आल्या की विषय बदलत. मला वाटायचं, बहिणीच्या तोंडाला भितात. भ्यावं असंच ते तोंड होतं.

आत्या माझ्याकडे धान्य निवडायला यायला लागल्या. एकदा थंडीच्या दुपारी ओट्यावर बसलो असताना त्या आपणहून भावजयीबद्दल बोलल्या. अप्पांच्या बायकोबद्दल गावात कोणी बोलत नसे. ती गिरिजाच्या जन्मानंतर गेली, एवढंच मला माहीत होतं. गिरिजा म्हणजे अप्पांची एकुलती लेक, तेव्हा नुकतीच लग्न होऊन केजला गेलेली.

"पौषाचा गारठा व्हता," आत्या म्हणाल्या. "पाचवीचा दिस. बाळंतिणीला वारं लागू नये म्हून मी माज्या हातानं समदी भोकं चिंध्यांनी बुजवली. खिडकी, दाराच्या फटी, वरचं सवणं, समदं. बाजंखाली शेगडी भरून ठिवली. लई जीव व्हता माजा तिच्यावर. पोर किरकिर करीत व्हती, म्हून म्हनलं, हिला झोपू द्यावं, अन् पोरीला उचलून माज्याजवळ भाईर आनलं. पहाटं दार उघडलं तर ती गेलेली. अंगावर कायबी खूण न्हाई. झोपल्यावानी." त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "बाहेरचं व्हतं ते. कावून म्हनशील, तर दिवा इझला व्हता अन् दिव्यात तेल तसंच्या तसं व्हतं. तेल असताना दिवा कसा इझल? एखादं भोक बुजवायचं ऱ्हायलं असल, तितनंच ते आत आलं."

माझे हात सुपातच थांबले. कवडशात हात धरून उभे असलेले अप्पा मला दिसले. त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि त्यांनी हे सगळ्या गावाला सांगितलं, फक्त ज्या बाईनं त्यांचं दुकान, त्यांची लेक आणि त्यांना स्वतःला सांभाळलं, तिला सांगितलं नाही. मी आत्यांना काही बोलले नाही. बोलायचं असतं तर अप्पाच बोलले असते.

पुढच्या थंडीत गिरिजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं कळलं आणि बसलिंगअप्पा बदलले. लोकांच्या घरी जायचं बंद झालं. माझ्याकडे मात्र एकदा आले. नेहमीसारखे बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "माय, अक्का पुन्हा समदं बुजवंल."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाय ठेवायचा नाही. तिथं आत्यांचं राज्य. त्यांना नुसतं 'नको' म्हटलं तर त्या 'का' विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर दिलं तर ती बाई उभी राहू शकली नसती. लेकीला वाचवायचं, तर बहिणीला मारायचं, असा तो पेच होता. अप्पांनी त्यातून वाट काढायची ठरवली ती भिंतीतून.

तरुणपणी ते गुळाच्या गाड्या घेऊन बीदरला गेले होते. तिथं एका जुन्या हमामखान्यात कुण्या म्हाताऱ्या मियाँनी त्यांना गारठलेलं बघून आत घेतलं आणि म्हणाले, "बैठो, दिवाल को पीठ लगाओ." भिंत कोमट होती. विस्तव कुठंच दिसत नव्हता, तो भिंतीच्या पलीकडे होता. अप्पा तिला पाठ लावून झोपी गेले आणि त्यांच्या स्वप्नात त्यांची गेलेली आई आली, म्हणाली, सरक, मलापण बसू दे. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की गावातली पोरंसुद्धा थंडीत कुडकुडायला लागली की एकमेकांना म्हणत, "सरक, मलापण बसू दे." पण ती भिंत आपल्याला बांधता येईल, हे अप्पांच्या मनात इतकी वर्षं आलं नव्हतं.

त्यांनी न्हाणी आणि बाळंतिणीची खोली यांच्यामधली भिंत पाडली. कुंभाराकडून बिनबुडाची मडकी आणली, एकात एक बसवत त्यांची नळी केली आणि नव्या भिंतीच्या पोटातून ती नागमोडी फिरवत माळवदाबाहेर काढली. चुलीचं तोंड न्हाणीत. विस्तव न्हाणीत पेटणार, धूर भिंतीच्या पोटातून वर जाणार आणि खोलीत येणार ती फक्त ऊब. मी मडकी हातात देत होते, ते मातीत बसवत होते आणि आत्या दारातून विचारत होत्या, "बाळंतिणीची खोली हाय का कुंभाराची भट्टी?"

आणि मग जन्मभर लोकांना 'भिंत वाळू द्या' म्हणणाऱ्या या माणसानं आपली भिंत वाळू दिली नाही. गिरिजाची गाडी वेशीवर आली असं कळलं आणि त्यांनी ओल्या भिंतीत जाळ केला. तड्-तड् करत भिंत उभी चिरली. खोली धुरानं भरली. गाडीतून उतरलेली गिरिजा पोट सावरत अंगणात खोकत उभी राहिली.

"धुरानं मारतोस का रं पोरीला?" आत्या म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिरलेली भिंत उतरवत होते. या खेपेला माती बारीक चाळली, भुस्सा वाढवला आणि वाळवायला रोज नुसता मूठभर तुराट्यांचा जाळ. भिंतीला गाल लावून बसायचे. कुणी आलं तर बोट वर करून गप्प राहायची खूण करायचे. भिंत ऐकायची असते का, मला माहीत नाही. पण मीही पाऊल न वाजवता जायची.

गिरिजा बाळंत झाली, मुलगी झाली. थंडी अशी पडली होती की सकाळी हौदातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. अप्पांनी दुकानाला कुलूप लावलं आणि न्हाणीत बैठक मारली. जेवण तिथंच, झोपही तिथंच, बसल्या जागी. कापसाच्या वाळल्या पळाट्या मोडायच्या, चुलीत सारायच्या. जाळ मोठा झाला तर भिंत तापून पुन्हा चिरेल, लहान झाला तर आत्या शेगडी आणतील. नातीला त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, नुसतं भिंतीतून ऐकलं होतं. मला विचारायचे, "आता रडली ती भुकेनं का गारठ्यानं?" मी म्हणायची, "भुकेनं." तेव्हा कुठं हात थांबायचा.

पाचवीचा दिवस आला. ऊन उतरायला लागलं आणि बोचरं वारं सुटलं. सटवाईची पूजा मांडून झाली, दिवा लावला. मी गिरिजाच्या पायांना तेल चोळत होते, बाळ तिच्या कुशीत होतं. आत्या खोलीत आल्या. एका हातात रसरशीत शेगडी, काखेत चिंध्यांचं बोचकं. त्यांनी शेगडी उंबऱ्यात ठेवली आणि सवण्यापर्यंत पोचायला काठीला चिंध्या गुंडाळायला लागल्या. मी म्हणाले, "आत्या, खोली उबदार आहे. बघा तरी."

"आज पाचवी हाय," त्या म्हणाल्या. "आज तर एकबी भोक ठेवायचं न्हाई."

काठी उचलताना त्यांचा तोल गेला आणि आधारासाठी त्यांनी भिंतीवर हात टेकला. हात तिथंच राहिला. मग दुसरा टेकला. इतके दिवस रागापायी त्यांनी त्या भिंतीला हात लावला नव्हता. हळूहळू त्यांनी आपला सुरकुतलेला गाल भिंतीला लावला. पलीकडे पळाटी मोडल्याचा आवाज आला.

"अक्का," भिंतीतून अप्पांचा आवाज आला, "ऊब येती का?"

आत्यांची नजर दिव्याकडे होती. ज्योत सरळ आणि उजळ होती. सवण्यातून येणाऱ्या वाऱ्यानं ती जरा हलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मग त्यांनी उंबऱ्यातल्या शेगडीकडे बघितलं, पुन्हा दिव्याकडे आणि मग वर सवण्याकडे. हातातली काठी गळून पडली.

"बसू," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "तुला ठावं व्हतं?"

पलीकडे पळाट्या मोडायचा आवाज थांबला. गिरिजानं माझा हात घट्ट धरला.

"अक्का," अप्पा म्हणाले, "माजी पोर तू उचलून भाईर आनलीस. मला तेवढंच ठावं हाय."

आत्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. त्या बाईला रडताना त्याआधी गावात कुणी बघितलं नसेल. गिरिजानं काही न विचारता बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिलं.

मी शेगडी उचलली आणि मागच्या अंगणात राखेत रिकामी केली. परतताना न्हाणीचं दार उघडं होतं. अप्पांना मी पुढंही पुष्कळदा बघितलं असेल, त्यांच्या म्हातारपणापर्यंत बघितलं. पण मला आठवतात ते तिथं बसलेले. कपाळ भिंतीला टेकवलेलं, त्यावरचं भस्म मातीला लागलेलं, डोळ्यांतून धारा. आतला हुंदका ऐकू येत होता आणि प्रत्येक हुंदक्याला त्यांचे गुडघे उठायला बघत होते. बहिणीजवळ जायला चार पावलं टाकायची होती. पण वारं वाढलं होतं, पलीकडे लेक आणि नात होती, आणि चुलीत पळाट्या संपत आल्या होत्या. त्यांनी हात लांब करून आणखी एक पळाटी ओढली, मोडली आणि आत सारली.